बडी बहनजी घरी नाहीत

१ नोव्हेंबर १९८९, बुधवार

उमा दिवाळीचे चार दिवस राहून आज सकाळच्या बसने नागपूरला गेली. जाताना ही वही टेलिफोनशेजारी ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, आईसाठी कोणाकोणाचे फोन येतात ते लिहून ठेवत जा. मी सवडीने सगळ्यांना पत्र टाकीन." मी बरं म्हटलं. वनविभागात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी साहेबांच्या दौऱ्याच्या डायऱ्या स्वच्छ अक्षरात उतरवण्यात गेली. लिहायची सवय आहे, स्वतःबद्दल लिहायची नाही.

यंदा घरात दिवाळी नव्हती. तरी चार घरांतून फराळाची ताटं आली. चकल्या अजून डबाभर आहेत.

सव्वाअकराला फोन वाजला. मोतीलालजींच्या निवडणूक कार्यालयातून कोणी बोलत होतं. "बडी बहनजी हैं?" प्रेमलता मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं होती, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका. सारं बालाघाट तिला बडी बहनजी म्हणतं.

"अभी घर पर नहीं हैं," मी सांगितलं.

"कब तक आएंगी?"

"कह नहीं सकता."

"कोई बात नहीं, शाम को करते हैं."

संध्याकाळी पुन्हा केला. पत्र टाकण्यासारखं काही नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सहा फोन. चार मोतीलालजींच्या माणसांचे, दोन समोरच्या पक्षाचे. सगळ्यांना बडी बहनजी हव्यात. त्यांनी महिलांसाठी एक अपील काढायचं आणि खाली त्यांची सही असायची, असं दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे. गावात टेलिफोन असलेली घरं थोडी, त्यात बाईच्या नावावर टेलिफोन असलेलं बहुधा हे एकच. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून तिला तो मिळाला होता. तिच्या हयातीत मी क्वचित उचलत असे. उचलला तरी तिलाच हाक मारायचो.

मैनाबाई भांडी घासता घासता ऐकत होती. ती बारा वर्षं आमच्याकडे काम करते, किरनापूरकडची आहे. म्हणाली, "बाबूजी, तुमी त्याईले खरं काहून नाही सांगत?"

मी म्हटलं, "सांगेन."

"बाई घरी नाही म्हटलं तं मानूस इचारनारच ना, कवा येते म्हून! अन् तुमी म्हनता, सांगता येत नाही. मंग थे रोज फोन करून राह्यले. त्याईची काय चूक?"

अनोळखी माणसाला टेलिफोनवर घरातली गोष्ट सांगणं मला बरं वाटत नाही, एवढंच. आवाज फक्त येतो, माणूस दिसत नाही. तो ऐकून काय करील, हसत असेल की कोणाला खुणावत असेल, काही कळत नाही. मैनाबाईला हे सांगितलं नाही. तिने कढई जरा जास्तच जोरात घासली.

६ नोव्हेंबर, सोमवार

टेलिफोनची लाइन फार खराब झाली आहे. आपल्याकडचं एक्सचेंज अजून हातानेच चालतं. नंबर सांगायचा, मग ऑपरेटर दोर खोचून जोडून देते. गेल्या दोन दिवसांत प्रत्येक वेळी असं झालं, की समोरच्याने "बहनजी से कहिएगा कि देश इस समय" असं सुरू केलं आणि लाइन तुटली. एकदा तर "बहनजी से" एवढंच झालं होतं.

एक मात्र चांगलं आहे. दुपारी एक ते तीन मी जेवून आडवा होतो, त्या वेळात एकही फोन येत नाही. प्रचारवाल्यांनाही विश्रांती लागतेच.

दिवसाच्या ड्यूटीला एक्सचेंजमध्ये सुनंदा नावाची मुलगी असते. प्रेमलतेची विद्यार्थिनी. मी तिला कधी पाहिलेलं नाही, आवाजाने ओळखतो. आज मीच फोन उचलून विचारलं, "सुनंदाबाई, आमच्या लाइनमध्ये काही दोष आहे का?"

"हो काका, आहे."

"दुरुस्त कधी होईल?"

"इलेक्शनपर्यंत तरी नाही होणार," ती म्हणाली. मग विचारलं, "का, तुम्हाला कोणाशी बोलायचं होतं का?"

नाही म्हटलं. खात्याकडे लेखी तक्रार करावी का, असा विचार आला होता. पण त्या मुलीचा काय दोष! तक्रार तिच्यावरच यायची. राहू दे.

८ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी दहाला भैयालाल नावाच्या माणसाचा फोन आला. मोतीलालजींच्या बाजूने आमच्या भागाचं काम त्याच्याकडे आहे. रोजच्या फोनमधला एक आवाज त्याचाच होता, हे लक्षात आलं. बोलणं मोठं गोड.

"बाबूजी, वोटर लिस्ट मेरे सामने है. तीन सौ सत्रह पे आप, तीन सौ अठारह पे बहनजी. बहनजी बाहर गई हैं ना?"

मी वहीत नुसती तारीख घालत राहिलो.

"वोट के दिन तक लौट आएंगी?"

"नहीं लौटेंगी," मी म्हणालो.

"तो आप बिलकुल फिकर मत करो. बहनजी का वोट हम बेकार नहीं जाने देंगे. किसी को भेज के डलवा देंगे. अपने घर की बात है."

मी "नहीं, नहीं" म्हणत होतो तेवढ्यात लाइन तुटली. मी ताबडतोब एक्सचेंजला त्याचा नंबर मागितला. त्याचा नंबर तीन वेळा एंगेज लागला. चौथ्यांदा मी मागितला नाही. मागून काय सांगणार होतो? सांगायला एकच गोष्ट होती.

कोणीतरी बाई प्रेमलतेचं नाव सांगून आत जाईल, तिच्या नावाने बोटाला शाई लावून घेईल. शिक्का मारील. तेही तिच्याच शाळेतल्या खोलीत, कारण आमचं मतदान केंद्र तिथेच असतं. दुपारी जेवलो नाही. मैनाबाईने विचारलं, तेव्हा पोट जड आहे म्हटलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

काल अर्धंच लिहिलं. ज्याला हे नाव सापडलं तो भैयालाल. पण ते यादीत ठेवलं मी.

जून महिन्यात यादी नवीन करायला एक तरुण मास्तर घरी आले होते. यंदापासून अठरा वर्षांच्या मुलांनाही मत आहे, म्हणून घरोघर हिंडत होते. ऊन फार होतं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "घर में वोटर कितने?" मी म्हणालो, "दो." त्यांनी नावं विचारली, मी सांगितली. वयं विचारली, सांगितली. प्रेमलता, पति गुणाकर, वय छप्पन्न. त्यांनी लिहून घेतलं, पुन्हा एक पेला पाणी घेतलं आणि गेले.

तिला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी नऊ निवडणुकांत ड्यूटी केली. सहा वेळा केंद्राध्यक्ष होतो. कटंगीच्या पुढे एकदा मतपेटी डोक्यावर घेऊन नाला ओलांडला आहे. गेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. नोकरीत एक खोटी नोंद केली नाही, हे मी उमाला अभिमानाने सांगत असे. पण त्या दिवशी दोन म्हणालो. खोटं बोलतो आहे असं वाटलंही नाही. एक म्हणायला तोंड उघडलं होतं, तेही आठवतं. पुढचं नीट लिहिता येत नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

निवडणूक कार्यालयात गेलो. हे सरकारी कार्यालय, तिथले बाबू माझ्या ओळखीचे. त्यांनी बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली तेव्हाच यादी बंद झाली. आता कोणाचंही नाव वाढत नाही की निघत नाही. हे मलाही ठाऊक होतं. तरी गेलो.

बाबू म्हणाले, "केंद्राध्यक्षाला सांगून ठेवा."

"तो आदल्या संध्याकाळी सामान घेऊन येईल. हजार-बाराशे नावं त्याच्यासमोर. त्याच्या लक्षात राहील?"

"मग एजंटने आक्षेप घ्यायला पाहिजे. पोलिंग एजंटच तो घेऊ शकतो. तुम्हाला मी काय सांगावं!"

खरं आहे. उमेदवाराचा एजंट आत बाकावर बसतो आणि आलेला मतदार खरा नाही असं वाटलं तर हरकत घेतो. पण भैयालालचा एजंट भैयालालच्या बाईवर हरकत घेणार नाही. समोरच्या पक्षाचे लोकही असल्या कामात मागे नाहीत, असं ऐकतो.

बाबूंनी विचारलं नाही की नाव राहिलं कसं. सभ्य माणूस आहे.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठून पाहतो तर फाटकाला दोन झेंडे. डावीकडे मोतीलालजींचा, उजवीकडे समोरच्यांचा. मी फोनवर सगळ्यांनाच "ठीक है, ठीक है" म्हणतो. त्याचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीने घेतला.

मैनाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "बाबूजी, तुमचं बरं हाय. कोनीबी आलं तं जीत आपलीच!"

मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो. मग हसल्याचं माझं मलाच विचित्र वाटलं. दोन्ही झेंडे काढून आत ठेवले. मैनाबाई म्हणते, कापड चांगलं आहे. लादी पुसायला म्हणून तिचा त्यावर डोळा आहे. मी निवडणूक होईपर्यंत थांब म्हटलं.

आज आठ फोन. आठही तुटले.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी सव्वातीनला फोन. मराठी आवाज.

"साहेब, मी डोमाजी बोलून राह्यलो. लामत्याचा. छत्रीवाला."

मला आठवलं. अपक्ष उभे आहेत, निशाणी छत्री. पूर्वी सरपंच होते. भिंतीवर एकदोन ठिकाणी गेरूने काढलेली छत्री दिसते. एक तर कमळासारखी दिसते, मैनाबाई म्हणते.

मी नेहमीचं वाक्य बोलायला लागलो, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई गेल्याचं मले मागच्या महिन्यात समजलं, साहेब. यायले जमलं नाही. मत मागाले नाही केला फोन. मत तुमी द्या, नका देऊ."

मी "हो" म्हणालो. एवढंच. पण ते "हो" मोठं कठीण गेलं.

मग ते बोलत राहिले. पंधरा वर्षांपूर्वी प्रेमलता लामत्याला गेली होती. गावातल्या मुली पाचवीनंतर शाळेत येत नाहीत, म्हणून. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, मुलींची नावं मिळाल्याशिवाय चहा घेणार नाही. "चार घंटे बसल्या, साहेब! चहा तीनदा केला, तीनदा थंडा झाला. माझ्या मायनं मले आत बोलावून शिव्या देल्ल्या. म्हने, पाहुनी उपाशी बसली अन् तू मिशीवर हात फिरवून राह्यला. मंग मी पयले माझ्या पोरीचं नाव देल्लं. सात पोरी झाल्या त्या दिवशी. माझी आता वारासिवनीले नर्स हाय."

मला हे माहीत नव्हतं. लामत्याहून आली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली होती की बस फार उशिरा मिळाली.

मग ते अवघडून म्हणाले की बालाघाटात त्यांचं माणूस एकही नाही. कुठल्याच केंद्रावर बसायला एजंट नाही. महिला मंडळाच्या ओळखीतून कोणी मिळेल का, हे विचारायला फोन केला होता.

मी म्हणालो, "मुलींच्या शाळेतल्या केंद्रावर मी बसतो."

"तुमी? छत्रीसाठी?"

"छत्रीसाठी नाही. माझं एक काम आहे तिथे. पण बसलो तर तुमचंही काम चोख करीन."

"हौ, तं या ना साहेब! कागद उद्याच सही करून पाठवतो."

अकरा मिनिटं बोललो. आज लाइन एकदाही तुटली नाही. ठेवताना कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. डोमाजींना सर्दी असावी. पण त्यांनी तर आधीच ठेवला होता.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

उमाचा ट्रंककॉल. तिला कोणीतरी कळवलं. "बाबा, तुम्ही राजकारणात?" मी म्हटलं, बाकावर बसणं म्हणजे राजकारण नव्हे. ती म्हणाली, आवाज बरा वाटतो तुमचा. मग पुन्हा नागपूरला या म्हणून सुरू झालं. मी म्हटलं, इलेक्शन होऊ दे. माझ्या तोंडून हे असं निघालं जणू मीच उभा आहे.

का बसतो आहे ते तिला सांगितलं नाही. जूनचं सांगावं लागलं असतं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

भैयालालचा फोन. त्याला बातमी लागली आहे.

"क्या बाबूजी, सुना है छाता लेके बैठोगे? बारिश तो कब की गई!"

त्याच्या मागे दोन-चार माणसं हसली. मी म्हटलं, "भैयालालजी, एक विनती है. तीन सौ अठारह नंबर को हाथ मत लगाइए."

"अरे, वो तो बहनजी का है! उसी की तो सेवा कर रहे हैं. बहनजी क्या नाराज होंगी? लौट आएंगी तो मैं खुद आके पांव छू के माफी मांग लूंगा."

सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. हिंदीत चार शब्द. मी वाट पाहत होतो की लाइन आता तुटेल. या वेळी तुटली नाही. एक्सचेंजमधली खरखर ऐकू येत होती.

"बोलो बाबूजी," तो म्हणाला.

मी "ठीक है" म्हणालो आणि ठेवून दिला.

स्वतःचा राग आला. तो माणूस वाईट नाही, असंही वाटत राहिलं. त्याला मी जे सांगितलं तेच तो धरून चालला आहे. दर वेळी मीच सांगितलं, घरी नाहीत म्हणून.

प्रचाराचा शेवटचा दिवस

संध्याकाळी पाचला भोंगे बंद झाले. त्यानंतर फोनही नाही. दोनदा उचलून पाहिला, चालू आहे का म्हणून.

"चालू आहे, काका," सुनंदा म्हणाली. "जेवण करता ना वेळेवर?"

करतो म्हटलं. मग तिने विचारलं, "शाळेत कुठली खोली आहे केंद्राला?"

"सातवी ब."

"तिथल्या खिडकीतून गार वारा येतो. मफलर घेऊन जा."

मतदानाचा दिवस, संध्याकाळ

सकाळी सव्वासातला पोहोचलो. मफलर घेतला होता. केंद्राध्यक्ष वारासिवनीचे एक तरुण प्राध्यापक, पहिलीच निवडणूक. पेटी उघडून आम्हा एजंटांना रिकामी दाखवली. कागदी सील उलटं बसवत होते, ते मी हळूच दाखवलं. त्यांनी जरा बाजूला घेऊन विचारलं, "आप पहले कर चुके हैं?" मी म्हटलं, "थोडा बहुत." त्यानंतर ते दर अर्ध्या तासाने माझ्याकडे बघत.

बाकावर माझ्या शेजारी भैयालाल. मी प्रथमच त्याला पाहिलं. आवाजावरून बारीक माणूस असेल असं वाटलं होतं. निघाला अंगाने दांडगा, कपाळाला टिळा, हातात पानाचा डबा. मला आग्रहाने पान दिलं. मी खाल्लं. नऊच्या सुमारास माझं स्वतःचं मत दिलं. कोणाला ते इथे लिहीत नाही.

तिथे रीत अशी असते की पहिला कर्मचारी मतदाराचा नंबर आणि नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे एजंटांना आपल्या यादीत खूण करता येते. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने वाचलं, "तीन सौ अठारह. प्रेमलता, पति गुणाकर."

सात महिन्यांत तिचं नाव असं कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. खोलीत घुमलं. मी नुसता ऐकत राहिलो. मग दारातली बाई दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात चिठ्ठी. तिशीचीही नसेल. दुसरा कर्मचारी शाईची काडी बुडवत होता.

मी उभा राहिलो. "ये प्रेमलता नहीं हैं."

केंद्राध्यक्ष म्हणाले, "आप कैसे कह सकते हैं?"

"मैं उनका पति हूं."

भैयालाल बसल्या जागेवरून म्हणाला, "साहब, बहनजी बाहर गई हैं. बाबूजी ने मुझे खुद बताया है, एक बार नहीं, बीस बार."

"बाहर नहीं गईं," मी म्हणालो. "बारह अप्रैल को गुजर गईं."

माझा आवाज इतका मोठा निघेल असं वाटलं नव्हतं. बाहेरची रांगसुद्धा दाराशी वाकून पाहू लागली. रांगेत बऱ्याच जणी तिच्या हाताखाली शिकलेल्या असणार.

केंद्राध्यक्षांनी यादी पाहिली. "लिस्ट तो जून की है. फिर नाम कैसे आया?"

"मैंने लिखवाया."

"आपने? क्यों?"

"गलती हुई," मी म्हणालो. खरं उत्तर याहून मोठं असेल, पण तिथे मला एवढंच देता आलं, आणि आता घरी बसूनही याहून जास्त सुचत नाही.

नियमाप्रमाणे आक्षेपाचे दोन रुपये भरले. पावती घेतली. त्या बाईला त्यांनी नाव विचारलं, तेव्हा ती रडायलाच लागली. "मले काय मालूम जी! चिठ्ठी देल्ली, म्हने वोट टाकून ये." केंद्राध्यक्ष पोलिसाला हाक मारणार होते. मी म्हटलं, नोंद करा आणि हिला जाऊ द्या. हिने चिठ्ठी आणली, पण नाव यादीत मी ठेवलं होतं. त्यांनी नोंद लिहिली. मग म्हणाले, "जाओ."

जाताना ती माझ्यासमोर थांबली आणि वाकून नमस्कार करू लागली. मी पाय मागे घेतले.

भैयालाल उठला. तोंडातलं पान थुंकायला बाहेर गेला, तो वीस मिनिटांनी आला. बसला. मग खाली बघत म्हणाला, "बाबूजी, इतने फोन किए मैंने. एक बार तो बोल देते."

"हां," मी म्हणालो. "बोलना था."

त्याने सदऱ्याच्या खिशातून आणखी तीन चिठ्ठ्या काढल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे बारीक तुकडे केले आणि पानाच्या डब्यात टाकले.

"ये भी घर पर नहीं हैं," म्हणाला.

चारला दार बंद झालं. कागदपत्रं पाकिटात घालण्यापूर्वी केंद्राध्यक्षांनी मला जवळ बोलावलं आणि यादीचं ते पान समोर धरलं. ज्यांनी मत दिलं त्यांच्या नावाखाली लाल रेघ असते. माझ्या नावाखाली होती. तिच्या नावाखाली काही नव्हतं. अगदी कोरं. मी पाहिलं असं मान हलवून सांगितलं, आणि त्यांनी पाकीट बंद केलं.

घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी डोमाजींचा फोन. निवडणुकीत साफ पडले आहेत, पण आवाजात दुःख नाही. "साहेब, तुमच्या शाळेच्या केंद्रावर छत्रीले एकवीस मतं! लामत्यात माझ्या सोताच्या भावकीनं नाही देल्ली एवढी!" पुढच्या वेळी बसाल का, विचारलं. मी म्हटलं, निशाणी तरी नीट काढून घ्या भिंतीवर.

अकराला निवडणूक कार्यालयात गेलो. नाव कमी करण्याचा अर्ज मागितला. बाबू म्हणाले, मी भरून देतो. मी म्हटलं, नको, मीच भरतो. मतदाराचं नाव लिहिलं. अर्जदाराचं नातं, पती. कारणाच्या रकान्यात मृत्यू आणि पुढे तारीख. अक्षर चांगलं आलं. बाबूंनी शिक्का मारला आणि म्हणाले, पुढची यादी छापतील त्यात नसेल. बाहेर पडून बाजारात हिंडलो, वालाच्या शेंगा घेतल्या. कोणी कोणी ओळखीचे भेटले, त्यांच्याशी बोललो.

घरी पोहोचतो तो फोन वाजत होता. मी चप्पल न काढताच उचलला.

"बडी बहनजी आहेत का?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. किरनापूरच्या गोदाबाई. प्रेमलतेबरोबर पहिली पंधरा वर्षं शाळेत होत्या. वर्षभर लेकाकडे रायपूरला राहून कालच परतल्या, त्यामुळे त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "गोदाबाई, मी गुणाकर. प्रेमलता एप्रिलच्या बारा तारखेला गेली. तुम्ही जरा बसून घ्या."

पलीकडे बराच वेळ रडणं ऐकू आलं. मी फोन कानाला धरून थांबलो. मग त्यांनी विचारलं, कसं झालं हो? मी पहिल्यापासून सांगितलं. सकाळी ती उठली कशी, काय म्हणाली, डॉक्टर किती वाजता आले. मग त्यांनी मला शाळेतलं सांगायला सुरुवात केली, आणि मी त्यांना लामत्याच्या चहाचं सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मला त्यातलं आणखी सांगितलं, कारण ओट्यावर शेजारी त्याच बसल्या होत्या.

मैनाबाईने शेंगांची भाजी दोनदा गरम केली.